वर्षभर फुलणारं अंगण : अमळनेरच्या बागेच्या नोंदी (मे २०२४ ते मे २०२५)

उद्देश एकच. घराच्या पश्चिमेला वीस बाय बारा फुटांचं जे अंगण आहे, तिथून बाराही महिने देवाला घरचं फूल मिळालं पाहिजे. बारमाही आणि हंगामी दोन्ही प्रकार लावायचे. कुठलं कधी लावायचं, ते इथलं ऊन बघून ठरवायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे लिहून ठेवायची सवय आहे. त्यातल्या पुढच्या वर्षी उपयोगी पडतील अशा नोंदी इथे देते.

२६ मे २०२४

पारा रोज ४४ च्या पुढे जातोय. बागेचा आराखडा काढायला मला हेच दिवस योग्य वाटतात, कारण आज जे झाड पानांसकट उभं आहे ते या गावचं झाड. सकाळी फेरी मारली. पांढरी आणि गुलाबी कण्हेर फुललेली. पश्चिमेच्या भिंतीवरची बोगनवेल फुलांनी लगडलेली. सदाफुली दुपारी मान टाकते आणि संध्याकाळी पुन्हा सावरते. चाफ्याला पानांपेक्षा फुलंच जास्त. चिनी गुलाबाची कुंडी तापलेल्या फरशीवर ठेवलेली, तरी दहा वाजता उमलतेच. मोगरे दोन आहेत, फुलं आहेत, पण नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण.

बियांच्या पाकिटांवर जे महिने छापलेले असतात, ते आपल्यासाठी नसतात. थंड प्रदेशात बाग डिसेंबरात झोपते. आमच्याकडे ती एप्रिल-मेमध्ये झोपते, आणि डिसेंबर हा तिचा सगळ्यात चांगला महिना. म्हणून विभागणी अशी केली : मार्च ते मध्य जून बारमाही झाडांनी सांभाळायचं, पावसाळा आणि हिवाळा हंगामी फुलांनी भरायचा. हंगामी फुलझाडं उन्हाळ्यात जगवण्याच्या खटपटीत जेवढं पाणी जातं, तेवढ्यात मोगऱ्याची चार झाडं निघतात.

मातीचीही परीक्षा घेतली. जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात भेगांमध्ये बोटं जातील इतकी फाटते. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं, लगेच फसफसलं. म्हणजे मातीत चुनखडी आहे. मोगऱ्याच्या पिवळ्या पानांचं कारणही तेच. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत ते मुळांना उचलता येत नाही. नव्या पानांत हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतं, म्हणून पिवळेपणा आधी शेंड्याला दिसतो. नत्र कमी पडलं असतं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी झाली असती. हा फरक लक्षात ठेवला तर युरिया उगाच पडत नाही.

एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी होतंच. म्हणजे सपाट जमिनीत काही लावायचं नाही, गादीवाफे करायचे.

९ जून २०२४

वाफे झाले. जमिनीपासून वीतभर उंच, कडेला जुन्या विटा. जिभाऊंच्या चोपड्याकडच्या शेतातून केळीच्या खोडांचं कुजलेलं खत आणलं. ते म्हणाले, "ताई, पोतं भरी लई जा, आम्हना बांधवर पडेलच शे." शेणखत, केळीचं खत आणि वरची काळी माती मिसळली. बांधकामातून उरलेली वाळू होती, ती मुद्दाम घातली नाही. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळली तर माती मोकळी व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट बसते. तिला मोकळं करतं ते कुजलेलं खत, आणि तेही दरवर्षी घालावं लागतं.

कुंड्यांसाठी कोकोपीटच्या विटा भिजवल्या आणि पाणी बदलून बदलून धुतल्या. त्यात मीठ असतं आणि कोवळ्या रोपांना ते सोसत नाही. याच कारणाने पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी येतं, ते मी झाडांना देत नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरी ते बागेत सोडतात. पण त्यात मूळच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसायला लागला की समजायचं. ते पाणी फरशी पुसायला वापरते.

१६ जून २०२४

मृगाच्या सरी पडल्या. पहिल्या सरीनंतर अबोलीच्या कुंडीतून टक् टक् आवाज येत होता. तिची वाळलेली बोंडं पाण्याने भिजली की तडकतात आणि बी लांब फेकतात. शेजारची मुलं वाटीत पाणी घेऊन एकेक बोंड भिजवत बसली होती. त्यांना मी बिया गोळा करायला लावल्या, सावलीच्या वाफ्यात टाकल्या. अबोलीला भर उन्हापेक्षा अशी अर्धी सावलीच बरी वाटते.

झिनिया, कॉसमॉस आणि तेरडा यांचं बी सरळ वाफ्यात पेरलं. या तिघांना रोपवाटिकेचे लाड लागत नाहीत. झिनियाला तर मुळं हलवलेली आवडतच नाहीत. तेरडा दिंडीदरवाजाजवळ, जिथे पागोळीचं पाणी पडतं तिथे.

गेल्या हंगामातल्या शेवंतीच्या जुन्या कुंड्यांमधले शेंडे कापून छाट लावले. सगळे एकाच मातृझाडाचे, पिवळी छोटी शेवंती. बोटाएवढी लांबी, खालची पानं काढलेली, वाळू आणि कोकोपीट सारखं. वर जुनी साडी बांधून सावली केली.

२३ जून २०२४

पावसाळी लिली एका रात्रीत वर आली. पंधरा दिवसांपूर्वी तिथे मातीच होती.

मोगऱ्यावर फेरस सल्फेट फवारलं : लिटरला ५ ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी, पावसाची उघडीप बघून. जमिनीत टाकलं असतं तर चुनखडीने ते पुन्हा अडवलं असतं, म्हणून पानावर. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक फवारा. दुकानात चिलेटेड लोह मिळतं, म्हणजे मातीने अडवू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह. त्यातही 'ईडीडीएचए' लिहिलेलं बघून घ्यायचं, कारण अल्कधर्मी मातीत टिकतं ते तेच. 'ईडीटीए'वालं इथल्या मातीत लवकर निकामी होतं.

निंबोळ्या पिकून पडायला लागल्यात. फाटकाजवळच्या निंबाखाली चादर टाकली आहे. गर काढून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या.

१४ जुलै २०२४

आज झेंडू पेरला. ही तारीख दसऱ्यावरून मागे मोजून काढली. दसरा १२ ऑक्टोबरला. उंच झेंडूला बी ते पहिलं फूल साधारण तीन महिने लागतात. म्हणजे मध्य जुलैला ट्रेमध्ये, चार आठवड्यांनी वाफ्यात. आमच्या इथे बरेच जण पोळा आला की रोपं आणायला निघतात आणि मग फुलं दिवाळीत येतात.

दोन जाती घेतल्या : दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा नारंगी आणि एक संकरित पाकीट. पुसा नारंगी मुद्दाम, कारण तिचं बी धरता येतं. संकरित झेंडूच्या बियांपासून पुढच्या वर्षी तसंच झाड येईल याचा भरवसा नाही. त्यातही उंच आफ्रिकन आणि बुटका फ्रेंच यांचा संकर असेल तर बी धरतच नाही. दोघांची गुणसूत्रं जुळत नाहीत. अशी झाडं फुलत मात्र फार दिवस राहतात, कारण बी करण्याचा भार त्यांच्यावर नसतो.

हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आफ्रिकेशी त्याचा संबंध नाही. तरी आपल्या दसऱ्याला त्याच्यावाचून चालत नाही, याचं मला दर वर्षी कौतुक वाटतं.

ट्रेमधल्या मातीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली आणि पाणी खालून दिलं. या दमट दिवसांत रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. ती एकदा पडायला लागली की औषधाने उभी होत नाहीत. माती ओलीगच्च न ठेवणं हाच उपाय.

१२ ऑगस्ट २०२४

काल कानबाई बसल्या, आज विसर्जन. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर हा सण होतो, आणि मोठ्या भावबंदकीत एका घरी सगळे जमतात. या वर्षी आमच्याकडे होत्या. चौरंगाच्या चारी बाजूंना लावायला फुलं भरपूर लागली. अंगणातून निघालं ते असं : तगर परडीभर, जास्वंद, पिवळी कण्हेर, एप्रिलमध्ये लावलेल्या कंदांचे निशिगंधाचे पहिले दांडे, आणि झिनिया. झिनिया देवाला चालतो का, यावर बायकांमध्ये थोडी चर्चा झाली. सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटून बघितला आणि माळेत ओवला.

निशिगंध एकेरीच लावायचा, असं माझं मत पक्कं झालंय. दुहेरीचे दांडे फुलदाणीत छान दिसतात, पण वास एकेरीचा.

झेंडूची रोपं परवाच वाफ्यात लावली, दीड-दीड फुटावर.

८ सप्टेंबर २०२४

काल गणपती आले. आज झेंडूच्या निम्म्या झाडांचे शेंडे खुडले, निम्म्यांचे तसेच ठेवले. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, फुलं जास्त येतात, पण येतात उशिरा. न खुडलेली झाडं दसऱ्याला, खुडलेली दिवाळीला, असा हिशोब.

शेवंतीचे शेंडे मी दोनदा खुडले, शेवटचं खुडणं ऑगस्टच्या मध्यात. त्यानंतर शेवंतीला हात लावायचा नाही. दिवस लहान व्हायला लागले की तिच्या शेंड्यातच कळी तयार होते, आणि उशिरा खुडलं तर आपण ती कळीच खुडतो. छाटातून धरलेल्या सगळ्या रोपांना मोठ्या कुंड्या दिल्या. जागा पुरेना म्हणून काही फाटकाच्या भिंतीलगत ठेवल्या, बाकीच्या मागच्या दारी.

मावा दिसतोय. पाच टक्के निंबोळी अर्क केला : अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, एकूण पाणी दहा लिटर करायचं, थोडा साबणाचा चुरा. संध्याकाळीच फवारायचा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. तयार अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही.

१८ सप्टेंबर २०२४

आजपासून गल्लीत गुलाबाई बसली, हा इथला मुलींचा सण. मुली रोज संध्याकाळी फुलं मागायला येतात, त्यांच्यासाठी तेरडा आणि गुलबक्षी मोकळी. गुलबक्षी चार-पाच वाजता उमलते, त्यांच्या वेळेलाच.

एका सदाफुलीची पानं बारीक झाली आणि फुलं हिरवट, पानांसारखी. हा औषधाने बरा होणारा रोग नाही. तुडतुडे तो पसरवतात. झाड उपटून पिशवीत बांधून टाकलं. सासूबाईंना वाईट वाटलं, पण बाकीच्या सदाफुल्या वाचवायच्या तर हेच करावं लागतं. या साध्या झाडातून व्हिंक्रिस्टीन आणि व्हिंब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं मिळतात, त्यातलं पहिलं लहान मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. वर्गात हे सांगितलं की मुलं घरी जाऊन सदाफुलीकडे वेगळ्या नजरेने बघतात. पण पानं खाऊन बघायची नाहीत, हेही बजावून सांगते. कण्हेरीबद्दल तर आणखी कडक : तिचं पान, फूल, बी, काठी सगळंच विषारी.

१३ ऑक्टोबर २०२४

दसरा घरच्या फुलांवर झाला. न खुडलेल्या झेंडूंनी परवापासून फुलं दिली; दाराचं तोरण, गाडी, पुस्तकं, देव सगळ्यांना पुरली. आपटा जिभाऊंनी आणून दिला. खुडलेल्या झाडांवर आता वाटाण्याएवढ्या कळ्या आहेत, म्हणजे दिवाळीचं जमलं.

पुसा नारंगीची सगळ्यात मोठी आणि भरगच्च चार फुलं झाडावरच ठेवली, दोरा बांधून. तोडायची नाहीत. ती पूर्ण वाळून तपकिरी झाली की काढायची, सावलीत आणखी वाळवायची, मग पाकळ्या सोलून काळ्या टोकाच्या काड्या वेगळ्या करायच्या. तेच बी. कागदी पुडीत, पुडी बरणीत, बरणी फ्रिजमध्ये.

ऑक्टोबरचं ऊन वाढलंय. झेंडूच्या पानांमागे लाल कोळी. याला आधी पाणीच चांगलं : सकाळी पाइपने पानांच्या खालून जोरात फवारा, सलग काही दिवस. कोळ्याला कोरडी, तापलेली हवा आवडते.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली. आज हिवाळी हंगामी फुलं पेरली : पिटुनिया, फ्लॉक्स, कॅलेंडुला, डायन्थस. पाकिटावर सप्टेंबर लिहिलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे ३५ च्या आसपास तापमान असतं. त्यात पिटुनियाचं बी नीट रुजत नाही, आणि जी रोपं येतात ती लांबट, अशक्त. रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटलं की पेरायचं, हे इथलं माप. पण उशीरही परवडत नाही, कारण मार्च लागला की हे सगळं संपतं. आमच्या हिवाळी फुलांच्या हाती मोजके आठवडे असतात, म्हणून लवकर फुलणारीच निवडायची. हॉलीहॉक मला फार आवडतो, पण त्याला इतका वेळ द्यायला इथे हिवाळाच पुरत नाही. पॅन्सीचंही तेच.

पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते मातीने झाकायचं नाही, त्याला रुजायला उजेड लागतो. कोरड्या बारीक वाळूत मिसळून वर भुरभुरलं आणि काच ठेवली. सदाफुलीचं बी याच्या उलट, ते अंधारात चांगलं रुजतं.

१७ नोव्हेंबर २०२४

शेवंतीबद्दल आज सविस्तर लिहिते.

मागच्या दारच्या कुंड्या कळ्यांनी भरल्यात, काहींवर पिवळा रंग दिसायला लागलाय. फाटकाजवळच्या कुंड्यांवर एकही कळी नाही. झाडं मात्र मागच्यांपेक्षा उंच, हिरवीगार, सशक्त. माती तीच, खत तेच, पाणी तेच, आणि सगळी एकाच झाडाची छाटं. म्हणजे जातीचा फरक नाही. ऊन उलट फाटकाजवळ जास्त.

सासूबाई संध्याकाळी ओट्यावर बसतात. त्यांनीच सांगितलं. "रातले तठे उजेड पडस. झाडले झोपच नही, मंग फूल कसं ई?"

सप्टेंबरात गल्लीत नवा एलईडीचा खांब लागलाय, बरोबर फाटकावर. रात्रभर त्या कुंड्यांवर पांढरा प्रकाश असतो. मी रात्री दहाला जाऊन उभी राहिले. वर्तमानपत्राचे मथळे सहज वाचता येत होते.

सासूबाई म्हणाल्या ते शास्त्रानेही खरं आहे. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवरचे प्रयोग मांडले आणि दाखवलं की काही झाडं दिवसाच्या लांबीवरून फुलायची वेळ ठरवतात. पुढे कळलं की झाड खरं तर दिवस मोजत नाही, सलग अंधार मोजतं. शेवंती लांब रात्रीचं झाड. रात्र पुरेशी लांब आणि अखंड असली तरच तिचा शेंडा पानं करणं थांबवून कळी करायला घेतो. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी झाडाच्या हिशोबी ती रात्र तुटते, आणि ते उन्हाळा चालू आहे असं धरून वाढत राहतं. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे ओळखतं. शेवंतीची व्यापारी शेती करणारे याचा उपयोगही करतात : रोपं मोठी होईपर्यंत रात्री दिवे लावून कळी लांबवतात, मग दिवे बंद करतात.

आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण २१ अंश उत्तर, जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या थोडा आत आणि डिसेंबरातला सगळ्यात लहान पावणेअकरा तासांहून किंचित मोठा. फरक अडीच तासांचा. एवढ्यावरून शेवंती ऋतू ओळखते, आणि तेवढाच हिशोब खांबाने मोडला.

काय केलं : फाटकाजवळच्या बहुतेक कुंड्या उचलून पाण्याच्या टाकीमागे नेल्या, तिथे रात्री खरंच काळोख असतो. दोन कुंड्या जागच्या जागी ठेवल्या, पण त्यांच्यावर संध्याकाळी सहा ते सकाळी सात काळं दुहेरी कापड टाकायचं. एक कुंडी तशीच उजेडात राहू दिली. नववीच्या मुलांना दाखवायला ती लागेल.

शहरातल्या ज्या मैत्रिणी म्हणतात की शेवंती नुसती वाढते, फुलत नाही, त्यांना मी आता खत विचारणार नाही, आधी दिवा कुठे आहे ते विचारणार.

१५ डिसेंबर २०२४

टाकीमागच्या शेवंतीला कळ्या आल्या. कापड घातलेल्या दोन्ही कुंड्यांनाही. उजेडातली कुंडी अजून नुसती पानांची. नववीच्या मुलांनी येऊन बघितली, एकीने विचारलं की मग कापसाला दिव्याचा त्रास होत नाही का. प्रश्न चांगला होता. आजच्या लागवडीतल्या कापसाच्या जाती दिवसाच्या लांबीवर फारशा अवलंबून नाहीत. झेंडूच्या बाबतीत मात्र उंच जातींना लहान दिवसांत फुलायला सोपं जातं.

मोगऱ्याचं पाणी आजपासून तोडलं. महिनाभर त्याला ताण द्यायचा. पानं सुकून गळतील, गळू द्यायची.

२६ जानेवारी २०२५

टाकीमागची शेवंती पूर्ण फुलली. मागच्या दारची डिसेंबरात फुलून गेली होती, म्हणजे या घोळात हंगाम लांबलाच. हे पुढच्या वर्षी मुद्दाम करता येईल. निम्म्या कुंड्या ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत दिव्याखाली ठेवायच्या आणि मग अंधारात न्यायच्या. संक्रांतीनंतर देवाला शेवंती मिळेल.

मोगरा छाटला. जमिनीपासून दीड-दोन फूट ठेवून वरचं सगळं काढलं, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या तळापासून. भोवती आळं करून शेणखत, केळीचं खत, मग भरपूर पाणी. मोगऱ्याला कळी येते ती नव्या फुटीवर. जुनं लाकूड तसंच ठेवलं तर फुलं कमी.

गलांडाही आज पेरला. उन्हाळ्यातलं माझं सगळ्यात भरवशाचं हंगामी फूल हेच. मूळ अमेरिकेचं, पण काळी माती, जड पाणी, कोरडा वारा सगळं सोसतं. जानेवारीत पेरलं की एप्रिलमध्ये लाल-पिवळी फुलं चालू. फूल बाजारात ते झेंडूपुढे मागे पडतं, तरी हारात चांगलं टिकतं.

२३ फेब्रुवारी २०२५

अंगण आता सगळ्यात सुंदर आहे. फ्लॉक्सचा वाफा, कॅलेंडुलाचा केशरी, पिटुनिया कुंड्यांवरून खाली आलेला. वाळलेली फुलं रोज खुडते, त्याने बी धरायचं थांबतं आणि नवी कळी येते. मधमाश्या कॅलेंडुलावर, आणि कर्दळीवर शिंजीर येतोय.

मोगऱ्याला पोपटी फूट. पानं या वेळी शेंड्यापर्यंत हिरवी. लोहाचा एक फवारा आणखी दिला.

१६ मार्च २०२५

पिटुनिया संपला. फ्लॉक्सही. कालपर्यंत बरे होते, दोन दिवस गरम वारा सुटला आणि गेले. त्यांना वाचवायचा प्रयत्न केला नाही. उपटून खताच्या खड्ड्यात. कॅलेंडुलाचं बी धरलं.

उन्हाळ्याची तयारी : पश्चिमेकडून पन्नास टक्क्यांचं हिरवं शेडनेट, पण फक्त अबोली, जास्वंद आणि शेवंतीच्या मातृझाडांवर. मोगरा, गलांडा, चिनी गुलाब, बोगनवेल यांना सावली दिली तर फुलं कमी होतात. वाफ्यांवर केळीच्या वाळलेल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन, खोडापासून थोडं लांब, म्हणजे वाळवी सरळ खोडावर येत नाही. प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या भिंतीपासून हलवल्या आणि सगळ्या कुंड्यांना बाहेरून चुना दिला. पश्चिमेची भिंत रात्री नऊपर्यंत गरम असते, आणि कुंडीतली मुळं कडेलाच असतात.

नळ एक दिवसाआड येतो. पाणी पहाटेच द्यायचं, कमी वेळा पण खोलवर. रोज शिंपडलं तर मुळं वरच्या वर राहतात आणि एप्रिलमध्ये भाजतात. बोगनवेलीला तर पाणी जवळजवळ बंदच. तिला ताण पडला की रंग येतो. ज्याला आपण फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं, खरं फूल मधलं पांढरं, बारीक.

२९ एप्रिल २०२५

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आल्यात, गल्लीत निंबाला झोके बांधलेत, गौराईची गाणी ऐकू येताहेत. या सणाला बाजारात फुलं कमी आणि कोमेजलेली असतात, म्हणून वर्षभराच्या आखणीत ही तारीख माझ्यासाठी सगळ्यात अवघड होती. मोगरा परडीभर निघतोय. कळ्या संध्याकाळी, उमलायच्या आधी तोडायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या. रात्री घरात उमलतात. गलांडा भरपूर. चाफा, पांढरी कण्हेर, सदाफुली. गौराईच्या हाराला बाहेरून एकही फूल आणलं नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, मना घरले ह्या मोगराना एक छाट दे." पावसात देईन म्हटलं, आत्ता लावला तर जगणार नाही.

मोगऱ्याच्या काही कळ्या जांभळट आणि भोकाच्या होत्या, आत कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या झाडाखाली टाकायच्या नाहीत, वेचून नष्ट करायच्या. निंबोळी अर्क दर आठवड्याला.

११ मे २०२५

सखाराम महाराजांच्या यात्रेमुळे गाव भरलंय, बोरी नदीच्या पात्रात पाळणे आणि दुकानं. बागेत काम थोडं. शेवंतीची मातृझाडं फुलल्यावर वीतभर ठेवून कापली होती. तळातून नवे धुमारे आलेत, नेटखाली आहेत, माती फक्त ओलसर ठेवते. उजेडात ठेवलेली ती एक कुंडी शेवटपर्यंत फुलली नाही, पण तिचे धुमारे सगळ्यात जाड आहेत, छाटांसाठी तीच वापरणार.

झेंडूचा वाफा या वर्षी बदलायचा. त्या जागी वांगी लावणार, कारण झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी मातीतले सूत्रकृमी कमी होतात, आणि गेल्या वर्षी वांग्यांच्या मुळांना गाठी होत्या. झेंडू दुसऱ्या वाफ्यात. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आहे, म्हणजे बी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात पडलं पाहिजे. पुसा नारंगीचं घरचं बी फ्रिजमध्ये आहे. जूनच्या सुरुवातीला त्यातलं थोडं ओल्या फडक्यात ठेवून उगवण बघायची, कमी निघाली तर नवं पाकीट मागवायला वेळ राहील.